बेढब कव्हरांचा संग्रह: निवड, पारख आणि जपणूक

जुन्या ध्वनिमुद्रिका आणि कॅसेटी जमवणारे लोक नाशकात पूर्वीपासून आहेत आणि त्यांच्यापैकी बहुतेकांचे लक्ष गाण्याकडे असते. हा लेख मात्र ज्यांची नजर आधी कव्हराकडे, त्यातही फसलेल्या, बेढब किंवा चक्रावून टाकणाऱ्या कव्हराकडे जाते, त्यांच्यासाठी आहे. असा संग्रह तुलनेने स्वस्तात उभा राहतो, कारण गाण्याच्या रसिकाने बाजूला सारलेला मालच आपल्याला हवा असतो. तरीही काय घ्यावे, काय सोडावे, हाती आलेली वस्तू कशी तपासावी आणि नाशिकच्या पावसाळ्यात ती कशी टिकवावी, याची काही पद्धत ठरवली नाही तर वर्षभरात घरात नुसती रद्दी साचते. माझ्या मते या पद्धतीच्या मुळाशी एकच प्रश्न असावा: हे कव्हर असे का झाले? ज्या कव्हराबाबत या प्रश्नाचे उत्तर शोधत जाता येते ते घ्यावे. जे पाहून घटकाभर हसू येते आणि पुढे काहीच सुचत नाही, ते विक्रेत्याकडेच राहू द्यावे.

काय घ्यावे

रेकॉर्डच्या कव्हरावर चित्र असावे ही कल्पना रेकॉर्डइतकी जुनी नाही. मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या लाखेच्या तबकड्या साध्या खाकी पाकिटांतून विकल्या जात, आणि अनेक तबकड्यांचा संच असलाच तर तो वहीसारख्या बांधलेल्या, कणावर नाव छापलेल्या बाडातून मिळे. कोलंबिया रेकॉर्ड्समध्ये १९३९ साली लागलेल्या ॲलेक्स स्टाइनवाइस या तरुण चित्रकाराने १९४० मध्ये या बाडांवर खास चित्रे छापायला सुरुवात केली. पुढे १९४८ मध्ये त्याच कंपनीने १२ इंची एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी मोठी तबकडी, आणली आणि चित्रकारांना फूटभर लांब-रुंद चौकोन कायमचा मोकळा झाला. एवढ्या मोठ्या जागेत जे साधले ते जसे ठळक दिसते, तसे जे फसले तेही लपत नाही.

निवड करताना पहिली चाळणी हेतूची लावावी. पिंक फ्लॉइडच्या १९७० मधील ‘ॲटम हार्ट मदर’च्या कव्हरावर कुरणात उभी असलेली एक गाय आहे आणि दर्शनी बाजूला बँडचे नावसुद्धा नाही, लंडनच्या हिप्नोसिस या कलागटाने ते पूर्ण विचारांती केले होते. कॅप्टन बीफहार्ट या अमेरिकन गायकाच्या १९६९ मधील ‘ट्राउट मास्क रेप्लिका’वर गायकाने चेहऱ्यापुढे माशाचे डोके धरलेले आहे, तेही ठरवूनच. ही कव्हरे विचित्र आहेत, पण फसलेली नाहीत. ती संग्रहात जरूर असावीत, परंतु वेगळ्या कप्प्यात, कारण त्यांच्यापुढे ‘असे का झाले’ या प्रश्नाचे उत्तर फार लवकर मिळते.

खरी गंमत मधल्या प्रदेशात आहे. ब्लॅक सबाथ या ब्रिटिश बँडच्या १९८३ मधील ‘बॉर्न अगेन’चे उदाहरण घ्यावे. लालभडक अंगाचे, पिवळी शिंगे आणि वाढलेली नखे असलेले ते तान्हे बाळ वाईट कव्हरांच्या बहुतेक याद्यांत हटकून सापडते. चित्रकार स्टीव्ह जूल याला हे काम नको होते. म्हणून एका जुन्या मासिकावरील बाळाचे छायाचित्र फोटोकॉपी करून, त्यावर शिंगे-नखे चढवून आणि शक्य तितके भडक रंग निवडून त्याने नापसंत होईल असाच नमुना सादर केला, आणि तोच मंजूर झाला. गायक इयन गिलन याला ते कव्हर मुळीच आवडले नव्हते. म्हणजे येथे कुरूपता हेतुपुरस्सर आहे, पण हेतू मात्र हाणून पाडला गेला आहे. अशी गुंतागुंत असलेले एक कव्हर नुसत्या भडक अशा दहा कव्हरांपेक्षा मोलाचे मानावे.

तिसरा प्रकार, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत श्रीमंत, म्हणजे मोठी हौस आणि अपुरी साधने यांच्या ओढाताणीतून जन्मलेली कव्हरे. त्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही. फिलिप्सने १९६३ मध्ये आणलेली कॉम्पॅक्ट कॅसेट आपल्याकडे १९८०च्या दशकात घरोघरी पोहोचली. ध्वनिमुद्रण स्वस्त झाले, जिल्ह्याजिल्ह्यांत लहान कंपन्या निघाल्या, आणि भक्तिगीते, लोकगीते, लग्नातली गाणी, कीर्तने, विनोदी बतावण्या असे सगळे काही कॅसेटीवर आले. कव्हर मात्र फूटभर उरले नाही. कॅसेटच्या इनले कार्डाची, म्हणजे डबीत घडी करून घालायच्या छापील कव्हराची, दर्शनी बाजू जेमतेम चार इंच उंच आणि अडीच इंच रुंद असते, आणि त्या तेवढ्या जागेत देव, गायक, गायिका, संगीतकार, निर्माता आणि निर्मात्याचे दिवंगत वडील या सर्वांना बसवायचे असते.

वणीच्या सप्तशृंगी देवीच्या गाण्यांच्या कॅसेटी या दृष्टीने मुद्दाम पाहाव्यात. देवी अठरा भुजांची आहे, आणि अडीच इंचांत अठरा हात काढणे हे कोणत्याही चित्रकाराची परीक्षा पाहणारे काम आहे. एका इनलेवर देवीच्या उजव्या बाजूचे हात नीट मोजता येतात. डाव्या बाजूचे मात्र कोपरापर्यंत येतात आणि पुढे गायकाच्या लंबगोल फोटोखाली गडप होतात, त्यामुळे गदेचे टोक नेमके गायकाच्या डोक्यातून उगवल्यासारखे दिसते. गायक भलत्याच दिशेला पाहत आहे, कारण त्याचा फोटो स्टुडिओत दुसऱ्याच कामासाठी काढलेला असावा. मागे गड आहे, गडावर हिरवा रंग थोडा सांडला आहे, आणि खालच्या पट्टीवर ‘आशीर्वाद’ या शब्दाशेजारी टोपी घातलेल्या एका वृद्ध गृहस्थांचे पोस्टाच्या तिकिटाहून लहान छायाचित्र आहे. येथे कोणीही आळस केलेला नाही. उलट कोणालाही वगळायचे नाही, या सद्भावनेनेच हा घोटाळा झाला आहे, आणि म्हणूनच ते कव्हर दहा वेळा पाहावेसे वाटते.

एक पथ्य मात्र पाळावे. स्वस्त छपाई म्हणजे कुरूपता नव्हे. जलशांची, तमाशांची आणि भीमगीतांची असंख्य ध्वनिमुद्रणे अगदी तुटपुंज्या पैशांत झाली. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक यांच्यासारख्या लोककवींची गाणी ज्या वाटेने गावोगावी गेली, ती वाट मुंबईच्या महागड्या स्टुडिओतून जात नव्हती. अशा कव्हरावर केवळ कागद हलका आणि रंग फिका म्हणून ‘बेढब’ अशी चिठ्ठी लावणे हा पारखीचा अभाव आहे. तसेच गायकाचे रूप, पोशाख किंवा शरीर हा आपला विषय असू नये. रचना, अक्षर, रंग आणि कल्पना एवढ्यावरच बोलावे.

कोठे शोधावे

एलपी आणि ईपी (लहान तबकड्या) नाशकात आता सहज मिळत नाहीत. त्यासाठी मुंबईच्या चोरबाजाराची फेरी अधूनमधून करावीच लागते. कॅसेटींचे मात्र तसे नाही. गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारात भाजीच्या रांगा ओलांडून पुढे गेल्यावर जुन्या वस्तूंची एखादी पथारी दिसली तर तिथे वाकून पाहावे. अंबड लिंक रोडवरच्या मोठ्या भंगार बाजारावर महापालिकेने २०१७ मध्ये कारवाई केली होती; एकाच ठिकाणावर अवलंबून राहता येत नाही, त्यामुळे आपल्या भागातील रद्दीवाल्याशी आणि भंगारवाल्याशी ओळख ठेवणे अधिक फायद्याचे ठरते. पंचवटीतील आणि जुन्या नाशकातील वाडे पाडले जात आहेत. माळ्यावरचा पसारा निघतो तो दिवाळीच्या आवराआवरीत किंवा वाडा रिकामा करताना, आणि अशा वेळी तीन-चार दिवसांत सगळे वजनावर जाते. ओळखीच्यांना आधीच सांगून ठेवलेले बरे. त्र्यंबकेश्वरच्या आणि वणीच्या देवस्थानांच्या परिसरातील जुन्या दुकानदारांना ‘न विकलेला माल आहे का’ असे विचारण्यास हरकत नाही. कधीकधी वेष्टनही न फोडलेल्या कॅसेटी निघतात.

भाव करताना एकेक नग निवडून विचारू नये, गठ्ठा उचलावा. आणि विक्रेत्यासमोर हसू नये. त्यात सभ्यता तर आहेच, शिवाय गिऱ्हाईक हसले की मालात काहीतरी खास आहे हे त्याला लगेच कळते.

कसे तपासावे

घरी आणल्यावर कव्हर खिडकीशी तिरके धरावे. तिरक्या उजेडात कागदाचे सुरकुतणे, लॅमिनेशनचे फुगे, आतल्या तबकडीच्या दाबाने उमटलेले वर्तुळ आणि मूळ छपाईवर नंतर चिकटवलेल्या पट्ट्या स्पष्ट होतात. खालची कड विशेष पाहावी. नदीकाठच्या भागात २००८, २०१६ आणि २०१९ मध्ये पुराचे पाणी शिरले होते. गोदापात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर पाणी किती चढले यावरून पूर मोजणाऱ्या शहरात जुन्या मालाच्या खालच्या कडेला तपकिरी रेघ असणे नवलाचे नाही. अशी रेघ असलेली वस्तू इतर संग्रहात मिसळण्याआधी काही आठवडे वेगळी ठेवावी, कारण बुरशी आत असू शकते.

त्यानंतर दहा पट मोठे दाखवणारे भिंग घ्यावे. रंगीत छपाई निळसर, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या अशा चार रंगांच्या बारीक ठिपक्यांनी होते, आणि हे चार ठसे एकमेकांवर अचूक बसले नाहीत तर ओठांची लाली हनुवटीवर उतरते किंवा देवाच्या मुकुटाला दुसरी निळी कड येते. करन्सी नोट प्रेस आणि सिक्युरिटी प्रेसमुळे सूतभरही न हलणाऱ्या छपाईसाठी ओळखल्या जाणाऱ्या नाशिकरोडच्या माणसाला ही सरकलेली छपाई चटकन खटकते. रंग सरकले असतील तर दोष चित्रकाराचा नसून छापखान्यातील घाईचा आहे, हे नोंदवून ठेवावे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्याआधी रंगीत छपाईच्या व्यवसायात होते आणि त्यासाठी १९०९ मध्ये जर्मनीपर्यंत गेले होते. रंग जागेवर बसवणे हे किती कष्टाचे काम आहे, याची कल्पना त्यावरून यावी.

भिंगाखाली काळही दिसतो. छायाचित्राची कड कात्रीने कापल्यासारखी सरळ-सरळ तुकड्यांची असेल, केसांभोवती पांढरी रेघ उरली असेल आणि अक्षरे हाताने काढलेली असतील, तर ते कात्री-डिंकाच्या जमान्यातील काम समजावे. अक्षरांना एकसारखी छटा, मागे इंद्रधनुषी रंगांचा उतार, प्रत्येक शब्दाला सावली आणि देवाच्या डोक्यामागे लेन्समधून फुटल्यासारखे तेजोवलय असेल, तर ते कोरल ड्रॉ आणि फोटोशॉप गल्लोगल्लीच्या डीटीपी केंद्रांत पोहोचल्यानंतरचे, म्हणजे १९९०च्या दशकातील किंवा त्यानंतरचे आहे. याच काळात अमेरिकेत ह्यूस्टन येथील पेन अँड पिक्सेल ही संस्था रॅप संगीताच्या अल्बमांवर हिरेजडित अक्षरे, महागड्या गाड्या आणि राजवाडे यांची अशीच खच्चून गर्दी करत होती. साधन नवे हाती आले की त्यातली प्रत्येक कळ एकदा तरी दाबून पाहिली जाते, मग शहर ह्यूस्टन असो वा नाशिक.

छापील मजकुरातून आणखी खुणा मिळतात. पत्त्यात सहा आकडी पिन कोड असेल तर ते कव्हर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचे, कारण पिन कोडची पद्धत त्या दिवशी सुरू झाली. आणि तो ४२२ ने सुरू होत असेल तर कंपनी बहुधा आपल्याच नाशिकची. वर्तुळातील ‘पी’ या खुणेपुढचे वर्ष ध्वनिमुद्रण प्रथम प्रकाशित झाल्याचे असते, हाती असलेली प्रत छापल्याचे नव्हे. त्यामुळे जुन्या वर्षावर भुलून जास्त पैसे देऊ नयेत.

चिकटवलेल्या पट्टीबाबत घाई अजिबात करू नये. बीटल्सच्या ‘येस्टरडे अँड टुडे’साठी अमेरिकेत १९६६ मध्ये छापलेल्या पहिल्या कव्हरावर चौघे गायक खाटकासारखे पांढरे डगले घालून मांसाचे तुकडे आणि मोडक्या बाहुल्या घेऊन बसले होते. ओरड झाल्यावर कॅपिटल कंपनीने प्रती परत मागवल्या आणि त्यातील अनेकांवर दुसरे, ट्रंकेभोवती जमलेल्या चौघांचे निरुपद्रवी चित्र चिकटवून त्या पुन्हा विकायला काढल्या. जाणकार अशी प्रत न सोलताच ओळखतात: वरच्या चित्राच्या उजव्या भागात, पांढऱ्या जागेतून रिंगो स्टारच्या गळ्याशी असलेला काळा त्रिकोण पुसट दिसतो. वरचे चित्र नीट न सोलल्याने नासलेल्या प्रती कितीतरी आहेत. आपल्याकडच्या इनलेवरही कंपनीचे नाव, किंमत किंवा कधी गायकाचेच नाव पट्टीखाली झाकलेले असते. ते सोलण्याऐवजी मागून जोरदार टॉर्च धरावा. इनलेचा कागद पातळ असल्याने खालचे बरेचसे वाचता येते, आणि झाकाझाकीचा पुरावाही शाबूत राहतो.

कसे जपावे

लॅमिनेशन असलेले कव्हर किंचित ओलसर, पिळून काढलेल्या सुती फडक्याने पुसता येते. लॅमिनेशन नसेल तर पाणी लावूच नये. मऊ ब्रशने धूळ झटकावी आणि साध्या पांढऱ्या खोडरबराने हलके डाग काढून पाहावेत, तेही आधी एका कोपऱ्यावर. किमतीचे चिकट लेबल काढायचेच असेल तर केस वाळवण्याच्या यंत्राची मंद ऊब देऊन ते सावकाश सोडवावे. फाटलेल्या कडेला सेलोटेप लावण्याचा मोह टाळावा, कारण काही वर्षांत टेप पिवळी पडून निघून जाते आणि डिंक मात्र कागदात मुरतो.

बुरशी आलेले कव्हर घरात झटकू नये. कोरड्या दिवशी, तोंडाला मास्क लावून, गच्चीवर सावलीत ब्रशने साफ करावे. कडक उन्हात ठेवल्यास बुरशी वाळते खरी, परंतु त्याबरोबर लाल आणि पिवळा रंगही उडतो, आणि भडकपणा हेच ज्या कव्हराचे वैशिष्ट्य, त्याचा भडकपणाच जातो.

एलपी उभ्या ठेवाव्यात, फार घट्ट नाही आणि कलतील इतक्या सैलही नाही. तबकडी आतल्या कागदी पाकिटात घालून कव्हराच्या मागे, बाहेरच्या प्लास्टिकच्या पाकिटात स्वतंत्र ठेवली तर कव्हरावर वर्तुळ उमटत नाही आणि कडा फाटत नाहीत. बाहेरचे पाकीट पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिलीनचे असावे; मऊ, वास येणारे पीव्हीसी कालांतराने छपाईला चिकटते. इनले कार्डे कॅसेटच्या डबीत ठेवायची की बाहेर, यावर मतभेद आहेत. मी बाहेर ठेवण्याच्या बाजूचा आहे, कारण डबीत कार्डाच्या घड्या कायम ताणलेल्या राहतात आणि नेमक्या घडीवरच कागद तुटतो. चपटे करून, प्रत्येकाला वेगळे पाकीट देऊन, कॅसेटवर आणि पाकिटावर एकच क्रमांक टाकला की गोंधळ होत नाही.

कपाटात डांबराच्या गोळ्या टाकण्याची आपल्याकडे सर्रास सवय आहे. कॅसेटच्या कडक पारदर्शक डब्या बहुधा पॉलिस्टायरिनच्या असतात, आणि नॅप्थलीनच्या वाफेने ते प्लास्टिक मऊ पडून चिकट होते. म्हणून या कपाटात त्या गोळ्या नकोत. कसर आणि वाळवी यांच्यापासून बचाव करायचा तर कपाट भिंतीपासून थोडे पुढे आणि जमिनीपासून वर ठेवावे, आणि जून ते सप्टेंबर या काळात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या अधूनमधून बदलाव्यात. दसऱ्याच्या सुमारास हवा कोरडी झाली की सगळा संग्रह एकदा बाहेर काढून चाळावा.

नोंद आणि प्रदर्शन

प्रत्येक कव्हराची नोंद त्याच दिवशी करावी: कोठे मिळाले, कंपनी, क्रमांक, छापखान्याचे नाव असल्यास ते, आणि ‘असे का झाले’ याबद्दलचा आपला अंदाज. अंदाज पेन्सिलीने लिहावा, कारण तो बदलतो. स्कॅन करताना छपाईचे ठिपके आणि स्कॅनरची जाळी एकमेकांत अडकून चित्रावर लाटा उमटतात. स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या घालवण्याची सोय बहुधा असते, ती चालू करावी. चकचकीत कव्हराचा फोटो काढताना उजेड समोरून न देता दोन्ही बाजूंनी तिरका द्यावा.

हे फोटो इतरांना दाखवताना चित्राचे हक्क दुसऱ्याचे आहेत याचे भान असावे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये समीक्षेसाठी रास्त वापराला मुभा आहे, पण त्यासाठी खरोखर समीक्षा केलेली असली पाहिजे. नुसता फोटो आणि त्याखाली हसणारा चेहरा ही समीक्षा होत नाही. त्यातही स्थानिक कॅसेटीवरचा गायक आपल्याच तालुक्यात राहत असण्याची शक्यता मोठी. तो समोर उभा असताना वाचून दाखवता येईल असाच मजकूर चित्राखाली लिहावा. ‘भयानक’ असे न लिहिता ‘अठरा हात आणि पाच माणसे यांना अडीच इंचांत बसवण्याचा प्रयत्न’ असे लिहिले, तर पाहणारा हसतो आणि नंतर वाकून हात मोजू लागतो.

घरगुती किंवा वाचनालयातील छोटे प्रदर्शन मांडायचे असल्यास कव्हरे भिंतीला चिकटवू नयेत. लाकडी पट्टीच्या खाचेत उभी ठेवावीत, थेट ऊन येणारी खिडकी टाळावी, आणि जी प्रत एकमेव आहे तिच्या जागी रंगीत झेरॉक्स लावून तसे खाली नमूद करावे. इनले कार्डे एवढी लहान असतात की त्यांच्याशेजारी दोरीने बांधलेले एक भिंग ठेवणे आवश्यक आहे. प्रदर्शन आवरताना प्रत्येक कव्हर पाकिटात घालण्याआधी क्रमांक जुळवून पाहावा, कारण पाहुण्यांच्या हातून इनले कार्डांची अदलाबदल हमखास होते.